बाजाराने मारलं म्हणता, पण बाजार मांडला कोणी?

अमेरिकेतलं एखादं जुनं रॉक रेडिओ स्टेशन बंद पडलं की त्यावरचा वाद ठरल्या वळणाने जातो. एकीकडे केस पिकलेले श्रोते असतात. त्यांच्या मते कंपन्यांनी संगीत विकून खाल्लं, जुने डीजे म्हणजे संतमंडळी होती आणि पैशाचा वारा लागला तिथून सगळं नासलं. दुसरीकडे हिशेबी मंडळी असतात. ऐकणारेच उरले नाहीत, बाजाराने कौल दिला, आता कोणाच्या नावाने गळा काढता, असा त्यांचा सवाल. हा वाद आठवणींपुरता असता तर सोडून देण्यासारखा होता. पण एका शहरात एका मालकाला किती स्टेशनं बाळगता यावीत, या नियमांचा तिथलं रेडिओचे परवाने देणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन दर चार वर्षांनी फेरविचार करतं. व्यावसायिक प्रसारकांची संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स, या मर्यादा सैल करा म्हणून आग्रह धरून आहे. स्पॉटिफाय आणि यूट्यूबशी झुंजायचं तर आम्हाला मोठं होऊ द्या, हे तिचं म्हणणं. म्हणजे बंद पडलेल्या स्टेशनांचे मृत्युलेख आता धोरणाच्या फायलीत पुरावा म्हणून लागतात. तेव्हा मृत्यूचं कारण नीट लिहिलेलं बरं.

मला दोन्ही बाजूंचं निदान चुकलेलं वाटतं. ही स्टेशनं धंदेवाईक झाली म्हणून मेली नाहीत. ती पहिल्या दिवसापासून धंदेवाईकच होती. श्रोत्यांनी टाकलं म्हणून मेली, हेही अर्धंच खरं. एका गावातली अनेक स्टेशनं एका हाती जाऊ नयेत हा जुना नियम सरकारने टप्प्याटप्प्याने काढला, आणि त्यानंतर अशा स्टेशनला जिवंत ठेवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. बॉस्टनच्या डब्ल्यूबीसीएन या रॉक रेडिओ स्टेशनच्या चरित्रात हे सगळं एकाच ठिकाणी सापडतं.

नावातलं बीसीएन म्हणजे बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. टी. मिचेल हेस्टिंग्ज या एफएमच्या नादी लागलेल्या अभियंत्याने १९५८ मध्ये ते काढलं, तेही पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी. आवाज सुरेख आणि तिजोरी रिकामी, अशी दहा वर्षं गेली. मोटारींत तेव्हा एफएम रेडिओ क्वचितच असे, जाहिरातदार एएमकडे, म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह स्टेशनांकडे, जात. अशा वेळी रे रीपेन नावाचा वकील हेस्टिंग्जला भेटला. मूळचा कॅन्सस सिटीचा हा गृहस्थ बॉस्टनमध्ये 'बॉस्टन टी पार्टी' नावाचा रॉक क्लब चालवत होता. एवढी गर्दी तिकीट काढून जे संगीत ऐकायला येते ते शहरात एकाही स्टेशनवर धड लागत नाही, हे त्याला रोज दिसत होतं. रात्रीचे तास मला द्या, एवढीच त्याची मागणी. १५ मार्च १९६८ च्या रात्री 'द अमेरिकन रेव्होल्यूशन' या नावाने रॉक सुरू झालं आणि काही महिन्यांत त्याने स्टेशनचे चोवीस तास व्यापले. क्लबवाल्याला गिऱ्हाईक हवं होतं, मालकाला दिवाळं टाळायचं होतं. यात संतपणा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

सुरुवातीचे डीजे मात्र खरोखर मोकळे होते. काय लावायचं ते स्वतः ठरवायचे. ब्लूजला जोडून जॅझ, जॅझला जोडून कोणी ऐकलेला नाही असा बँड, एखाद्या तबकडीची अख्खी बाजू. पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजलेला पीटर वुल्फ तिथे रात्रपाळी करायचा. डॅनी शेक्टर बातम्या द्यायचा, म्हणजे खरं तर बातम्यांची चिरफाड करायचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुणांचा त्याच्यावर जितका विश्वास होता तितका वॉशिंग्टनवर नव्हता. श्रोत्यांसाठी एक स्वतंत्र फोन होता आणि त्यावर गाण्याच्या फर्माइशीपेक्षा इतर अडीअडचणीच जास्त येत. तरी या काळाची आरती ओवाळणाऱ्यांनी एक प्रसंग लक्षात ठेवावा. १९७० मध्ये स्टेशनने टंकलेखन येणाऱ्या मुली हव्यात अशी सूचना प्रसारित केली, आणि मुलींसाठी त्यात 'चिक' हा टवाळ शब्द वापरला. 'ब्रेड अँड रोझेस' या स्त्रीवादी गटाच्या बायका कोंबडीची जिवंत पिल्लं घेऊन कचेरीत शिरल्या आणि ती त्यांनी साहेबाच्या टेबलावर सोडली. क्रांतीचं नाव घेणाऱ्या त्या स्टेशनात बायकांची जागा टाइपरायटरपाशी होती. दबाव आला तशी ती बदलत गेली, हेही खरं.

आता पहिला प्रश्न. असा प्रयोग १९६८ मध्येच का शक्य झाला? तरुण पिढी, युद्ध, केस वाढवण्याची लाट, ही उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्यामागे एक रुक्ष सरकारी हुकूम आहे. एएम स्टेशनांचे मालक आपल्या जोडीच्या एफएमवर तोच कार्यक्रम दिवसभर वाजवत. एफएम म्हणजे एएमची सावली. १९६४ मध्ये कमिशनने ठरवलं की एक लाखाहून मोठ्या शहरांत एफएमचा निम्म्याहून जास्त वेळ असा उसना असता कामा नये. मालकांनी खळखळ केली, अंमल लांबला, पण १९६७ उजाडेपर्यंत देशभरच्या एफएम स्टेशनांना काहीतरी वेगळं आणि स्वस्तातलं शोधणं भाग पडलं. सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स, न्यू यॉर्कमध्ये डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम, फिलाडेल्फियात डब्ल्यूएमएमआर, ही सगळी रॉक स्टेशनं दोनेक वर्षांच्या आत उगवली ती योगायोगाने नव्हे. डब्ल्यूबीसीएनला हा नियम थेट लागू नव्हता, कारण त्याला जोडीचं एएमच नव्हतं. पण एफएमवर वेगळं काही लागतं ही सवय श्रोत्यांना त्या नियमाने लावली. बाजाराच्या नावाने शपथ घेणाऱ्यांनी हे पान उघडून बघावं. बाजाराने त्याआधीची वीस वर्षं एफएमचं काय केलं होतं?

दुसरा प्रसंग १९७९ चा. एफएमची किंमत एव्हाना वर चढली होती; देशभरात एफएमचे श्रोते एएमच्या पुढे जात होते. हेस्टिंग्जने स्टेशन विकलं. मायकेल वीनर आणि जेराल्ड कॅरस यांच्या हेमिस्फिअर ब्रॉडकास्टिंगने फेब्रुवारीत ताबा घेतला आणि आल्या आल्या १९ जणांना घरी बसवलं. स्टेशनच्या लोकांची कामगार संघटना होती, तीही विद्युत आणि यंत्र कामगारांच्या युनायटेड इलेक्ट्रिकलची शाखा. नव्या मालकांनी तिला दाद दिली नाही. संप झाला. पुढे जे घडलं ते आजच्या हिशेबी मंडळींना परीकथेसारखं वाटेल. डीजे फाटकाबाहेर, आत बदली माणसं, आणि शहरातले जाहिरातदार एकेक करून जाहिराती काढून घेऊ लागले. ध्वनिमुद्रिकांची दुकानं, क्लब, स्टिरिओ विकणारे, कपडेवाले, या सगळ्यांचं गिऱ्हाईक संपाच्या बाजूचं होतं, आणि गिऱ्हाईक दुखावून गल्ला चालत नाही. तीनेक आठवड्यांत मालक नमले. काढलेली माणसं परत आली.

या प्रसंगाचा अर्थ भाबडी बाजू 'लोकशक्ती' असा लावते. मला त्यात शुद्ध व्यापार दिसतो, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो. या शहरात मालकाकडे हे एकच स्टेशन होतं. जाहिरातदार त्याच शहरातले होते, त्यांना जायला दुसरी दुकानं होती आणि ती वेगळ्या मालकांची होती. पैसा हाच लगाम होता. गंमत अशी की याच दोन मालकांची कंपनी पुढे इन्फिनिटी ब्रॉडकास्टिंग या नावाने देशातल्या सर्वांत बलाढ्य रेडिओ कंपन्यांपैकी एक झाली. १९७९ मध्ये तीन आठवड्यांत गुडघे टेकणारी हीच कंपनी १९९६ मध्ये मालकीच्या मर्यादा सैल झाल्यावर कोणापुढे नमली असती? माणसं तीच होती. त्यांच्या हातातल्या पत्त्यांची संख्या बदलली होती.

लगाम होता तेव्हा स्टेशन कसं चाललं, तेही बघायला हवं. १९७७ मध्ये मॅक्सान सार्टोरी या डीजेने एका स्थानिक बँडची कच्ची फीत हवेत लावायला घेतली. तबकडी निघालेलीच नव्हती. श्रोत्यांनी ती उचलून धरली, कंपन्यांचं लक्ष गेलं, आणि पुढच्याच वर्षी 'द कार्स'चा पहिला अल्बम बाजारात आला. डिसेंबर १९८० मध्ये आयर्लंडच्या चार पोरांनी बॉस्टनच्या पॅरॅडाइज क्लबात कार्यक्रम केला. यू२ला अमेरिकेत लवकर हात देणाऱ्या स्टेशनांत डब्ल्यूबीसीएन होतं. स्थानिक बँडांची 'रॉक अँड रोल रंबल' ही वार्षिक स्पर्धाही त्याने भरवली. याच सुमारास डब्ल्यूसीओझेड हे शहरातलं दुसरं रॉक स्टेशन मोजकी, हमखास चालणारी गाणी घोळवून डब्ल्यूबीसीएनच्या पुढे निघून गेलं होतं. डब्ल्यूबीसीएनला भानावर यावं लागलं. ईडिपस या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि पंक वाजवत मोठ्या झालेल्या डीजेच्या हाती कार्यक्रमांची सूत्रं आली, स्टेशन सावरलं, आणि काही वर्षांत डब्ल्यूसीओझेडचीच पाटी बदलली. दोन वेगवेगळ्या मालकांची ही चुरस होती. एक हरला तर दुसरा जिंकत होता.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत ताकदीचा मुद्दा घेतो, कारण तो बहुधा कोणी मांडतच नाही. तो स्पॉटिफायचा नाही. तो १९५२ मध्ये पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञाने मांडला होता. समजा, शहरातल्या बहुसंख्य श्रोत्यांना एकच प्रकार आवडतो आणि थोड्यांना दुसरा. स्टेशनांचे मालक वेगवेगळे असतील तर सगळे बहुसंख्यांच्याच मागे लागतील, कारण त्या मोठ्या भाकरीचा चतकोरही छोट्या भाकरीहून मोठा असतो. उलट सगळी स्टेशनं एकाच मालकाची असतील तर तो स्वतःचाच श्रोता स्वतःपासून कशाला तोडेल? तो एका स्टेशनवर हे लावेल, दुसऱ्यावर ते. म्हणजे मक्तेदारीत विविधता जास्त! हे नुसतं कागदावरचं कोडं राहिलं नाही. १९९६ च्या कायद्यानंतरची आकडेवारी तपासून स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगल यांनी २००१ मध्ये दाखवलं की मालकी एकवटली तसे, स्टेशनांच्या संख्येच्या मानाने, फॉरमॅटचे प्रकार वाढले. भाबड्या बाजूने या शोधाला कधी नीट उत्तर दिलेलं माझ्या वाचनात नाही. शिव्या बऱ्याच दिल्या आहेत.

उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी, मोजलं काय? फॉरमॅट म्हणजे उद्योगाने स्वतः लावलेली चिठ्ठी. 'अल्टरनेटिव्ह', 'ॲक्टिव्ह रॉक', 'मॉडर्न रॉक', 'ॲडल्ट अल्टरनेटिव्ह' अशा चार चिठ्ठ्या चार स्टेशनांवर लागल्या की प्रकार चार झाले. पण गाणी? फ्यूचर ऑफ म्युझिक कोअलिशन या संस्थेने २००२ मध्ये गाण्यांच्या याद्या ताडून पाहिल्या तेव्हा वेगळ्या नावाच्या फॉरमॅटांत तीच गाणी मोठ्या प्रमाणावर आढळली. ही संस्था कलावंतांच्या बाजूची आहे, हे मान्य करून तिचं ऐकावं. पण याद्या याद्याच असतात.

दुसरी पायरी मला जास्त मोलाची वाटते. स्टायनरच्या कोड्यात श्रोत्यांची आवड आधीच ठरलेली आहे. मालकाने फक्त ती वाटून घ्यायची. सोयाबीन आणि तूर यांच्या मागणीबद्दल असं धरून चालता येईल. संगीताचं तसं आहे का? मार्च १९६८ मध्ये बॉस्टनच्या श्रोत्यांची कितीही पाहणी केली असती तरी ब्लूज, जॅझ आणि लांबलचक गिटारवादन यांची चोवीस तासांची खिचडी हवी, असं कोणी लिहून दिलं नसतं. न निघालेल्या तबकडीची मागणी १९७७ मध्ये कुठल्या तक्त्यात दिसणार होती? चांगलं स्टेशन आवड घडवतं. घडवायचं म्हणजे चुकण्याची तयारी हवी, आणि चुकण्याची तयारी त्याचीच असते ज्याला गमावण्यासारखं फार नाही किंवा ज्याच्या शेजारी प्रतिस्पर्धी बसलेला आहे. शहरातले सगळे कप्पे ज्याच्या हातात आहेत तो चूक का करेल? त्याला शोध लावायचा नसतो, त्याला कुंपण घालायचं असतं.

कुंपणं कशी घातली गेली ते बॉस्टनमध्येच बघा. १९९२ पर्यंत एका गावात एका मालकाला एक एएम आणि एक एफएम एवढीच मुभा होती. त्या वर्षी ती वाढली आणि मोठ्या शहरांत एका मालकाला दोन एफएम घेता येऊ लागले. थोड्याच काळात डब्ल्यूबीसीएनच्या मालकाकडे, म्हणजे इन्फिनिटीकडे, डब्ल्यूझेडएलएक्स हे जुन्या रॉकचं स्टेशनही आलं. मग ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. देशभरात एका मालकाला २० एएम आणि २० एफएम ही कमाल मर्यादा होती, ती पार गेली. सर्वांत मोठ्या शहरांत एका मालकाला आठ स्टेशनांपर्यंत परवानगी मिळाली. त्याच वर्षी सीबीएसची मालक असलेल्या वेस्टिंगहाउसने जवळपास ५ अब्ज डॉलरना इन्फिनिटीच गिळली. बॉस्टनमधलं स्टेशन आता न्यू यॉर्कमधल्या एका वहीतली ओळ झालं. चार्ल्स लाक्विडारा हा माणूस वर्षानुवर्षं डब्ल्यूबीसीएनवर शहराची सकाळ करत होता. १९९६ मध्ये त्याला डब्ल्यूझेडएलएक्सवर हलवलं आणि त्याच्या जागी न्यू यॉर्कहून येणारा, हॉवर्ड स्टर्न या निवेदकाचा कार्यक्रम बसवला. स्टर्न लोकप्रिय होता, आकडे चढले. पण त्यापेक्षा वाटणी बघा. जुनं रॉक आणि जुना श्रोता एका स्टेशनला, नवं रॉक आणि तरुण पुरुष दुसऱ्याला. भिन्न काळातली, भिन्न जातकुळीची गाणी शेजारी शेजारी लावणं हीच डब्ल्यूबीसीएनची मूळ कमाई होती. तीच आता गैरसोय ठरली, कारण तसं केलं तर घरच्याच दुसऱ्या स्टेशनचा श्रोता फुटतो. डब्ल्यूसीओझेडच्या काळात हा श्रोता फोडणं हा पराक्रम होता. स्टायनरचा युक्तिवाद इथे शब्दशः खरा ठरला, आणि त्याची किंमतही दिसली.

ऑगस्ट २००९ मध्ये डब्ल्यूबीसीएन हवेतून उतरलं. सीबीएस रेडिओने आपल्याच डब्ल्यूबीएमएक्स या दुसऱ्या स्टेशनला डब्ल्यूबीसीएनच्या १०४.१ या लहरीवर आणलं आणि रिकाम्या झालेल्या ९८.५ वर 'स्पोर्ट्स हब' हे खेळांच्या गप्पांचं स्टेशन काढलं. बीसीएन ही अक्षरं उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट शहरात कंपनीच्या एका एएम स्टेशनला चिकटवण्यात आली, बहुधा दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून. स्पॉटिफाय अमेरिकेत आलं जुलै २०११ मध्ये. तेव्हा स्ट्रीमिंगने मारलं म्हणणाऱ्यांनी निदान तारखा तरी तपासाव्यात. आयपॉड आणि इंटरनेटवरची पँडोरा ही संगीतसेवा होती, उपग्रह रेडिओ होता, स्टर्न स्वतःच २००६ च्या सुरुवातीला तिकडे निघून गेला होता आणि त्याने सोडलेली सकाळची पोकळी स्टेशनला भरता आली नाही. हे सगळं खरं. पण दहा वर्षं भाड्याच्या आवाजावर चाललेल्या घरात पोकळी राहणारच.

हिशेबी बाजूचा आणखी एक मुद्दा टाळता येत नाही. स्पोर्ट्स हब प्रचंड चाललं, आणि ते पक्कं बॉस्टनी आहे. निवेदक तिथले, भांडणं तिथली, फोन करणारे तिथले. मग स्थानिकपण मेलं कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि डब्ल्यूबीसीएन स्वतःही १९९५ पासून पेट्रियट्स या तिथल्या संघाचे फुटबॉल सामने प्रसारित करत होतं, तेव्हा नाक मुरडायला जागा नाही. पण खेळाच्या गप्पा स्थानिक राहतात त्याचं कारण वेगळं आहे. बॉस्टनच्या फेनवे मैदानातल्या पराभवावर डॅलसहून बोलणारा माणूस कोणी ऐकणार नाही. तिथे दुसऱ्या गावाचा माल चालतच नाही. संगीताचा मात्र चालतो. एका ठिकाणी यादी करून ती शंभर शहरांत वाजवता येते, म्हणून ती वाजवली गेली. म्हणजे मालकाने स्थानिकपण जिथे टाळता येत नव्हतं तिथे ठेवलं आणि जिथे टाळता येत होतं तिथे टाळलं.

रॉक स्टेशनं १९९६ च्या आधीही मरत होती, हेही मान्य करायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोचं केएसएएन १९८० मध्ये कंट्री संगीताकडे वळलं, लॉस एंजेलिसचं केएमईटी १९८७ मध्ये गेलं. ठरावीक गाण्यांच्या याद्या विकणारे सल्लागार सत्तरच्या दशकातच गावोगाव फिरू लागले होते. पण तेव्हा एक गेलं की शेजारचा वेगळा मालक त्याचे अनाथ श्रोते गोळा करायला टपलेला असे. मृत्यू होते, वारसही होते.

मग रॉकवाल्यांना संरक्षण द्यावं का? अजिबात नाही, आणि इथे मी त्यांच्या फडातून उठून जातो. १२ जानेवारी २००५ रोजी वॉशिंग्टन परिसरातलं डब्ल्यूएचएफएस अचानक स्पॅनिश संगीताचं 'एल झोल' झालं तेव्हा जुन्या श्रोत्यांनी आकांत केला. पण त्या परिसरात मध्य अमेरिकेतून आलेल्यांची वस्ती एवढी वाढलेली असताना त्यांच्या भाषेत दणदणीत आवाजाचं एक स्टेशन निघालं, यात अन्याय कुठला? आणि रॉक स्वतः कोणाच्या जागेवर बसलं होतं? डब्ल्यूबीसीएनवर बाख आणि ब्राम्स ऐकणाऱ्या बॉस्टनकरांना १९६८ मध्ये कोणी विचारलं होतं? शिकागोत झेनिथ कंपनीचं डब्ल्यूईएफएम हे अभिजात संगीताचं स्टेशन १९७२ मध्ये रॉकसाठी विकायला निघाले तेव्हा श्रोते न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलली. तरी १९७८ मध्ये तिथे रॉक आलंच. न्यू यॉर्कच्या डब्ल्यूएनसीएनने १९७४ मध्ये अभिजात सोडून रॉक धरलं आणि श्रोत्यांच्या रेट्यामुळे वर्षभरात ते मागे फिरलं. शेवटी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कोणतं संगीत लावायचं हे कमिशनने ठरवायचं नाही, बाजारावर सोडायचं. हा निकाल मला मान्य आहे. सरकारी बाबूने गाण्यांच्या याद्या तपासाव्यात, ही कल्पनाच अंगावर येते. पण त्या निकालात एक गृहीत आहे, बाजारात खेळाडू अनेक असतील असं. ज्या सरकारने आशयावरचा हात काढला त्यानेच पंधरा वर्षांनी खेळाडूंच्या संख्येवरचाही काढला. एक सोडायचं तर दुसरं धरून ठेवायला हवं होतं.

माझ्या बाजूचे लोक या टप्प्यावर हमखास मायनॉटचं उदाहरण काढतात. नॉर्थ डकोटातल्या या गावाजवळ जानेवारी २००२ मध्ये मालगाडी घसरून अमोनियाचा ढग पसरला, गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं क्लिअर चॅनल या बड्या रेडिओ कंपनीची होती आणि पोलिसांना फोनवर कोणी सापडेना. मी ते उदाहरण पुढे करणार नाही. पोलिसांनी आणीबाणीची सूचनायंत्रणा नीट चालवली नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य असू शकतं. गळा भरून आणणारी गोष्ट हाताशी आहे म्हणून ती वापरायची, ही सवय आपला मुद्दाच कच्चा करते.

त्यापेक्षा मोठ्यांनी मोठं होऊन काय मिळवलं ते विचारू. १९९६ आधी चाळिसेक स्टेशनं असलेल्या क्लिअर चॅनलकडे काही वर्षांत बाराशेहून जास्त झाली. २००८ मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या दोन गुंतवणूकदारांनी, दोघेही बॉस्टनचेच, ती कर्ज काढून विकत घेतली. आयहार्टमीडिया हे नवं नाव घेतलेली ही कंपनी २०१८ मध्ये २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली दिवाळखोरीत गेली. क्युम्युलस ही दुसरी रेडिओ कंपनी तिच्या आधी काही महिने, २०१७ मध्ये. सीबीएस रेडिओ ज्या एंटरकॉममध्ये विलीन झाली ती ऑडसी हे नाव घेऊन जानेवारी २०२४ मध्ये त्याच दारात उभी राहिली. देशातल्या रेडिओच्या तीन बड्या मालकांची ही गत. इंटरनेटने सगळ्यांच्याच जाहिराती ओढल्या हे खरं, पण व्याजाचे हप्ते इंटरनेटने लावलेले नव्हते. आकार हेच औषध असतं तर सर्वांत जास्त मात्रा घेतलेले रोगी आधी का कोसळले? आणि त्यांचीच संघटना आज पुन्हा तेच औषध मागते आहे.

स्पर्धेवर या संघटनेचं प्रेम किती, याची एक परीक्षा होऊन गेली आहे. जानेवारी २००० मध्ये कमिशनने १०० वॉटच्या छोट्या, बिनव्यापारी एफएम स्टेशनांची योजना आणली. गावातली शाळा, चर्च किंवा मंडळ चालवू शकेल, काही मैलच ऐकू जाईल, एवढीच त्यांची ताकद. संघटनेने, आणि तिच्या जोडीला सार्वजनिक रेडिओवाल्या एनपीआरनेही, आमच्या प्रक्षेपणात खरखर होईल म्हणून ओरड केली. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, वर्ष संपायच्या आत योजनेचे पंख छाटले. मायटर या तांत्रिक संस्थेच्या २००३ च्या अहवालात ती भीती फुगवलेली निघाली, तरी कायदा दुरुस्त व्हायला जानेवारी २०११ उजाडावा लागला. एका मालकाला आठ स्टेशनं द्यायला जागा होती, शंभर वॉटला नव्हती.

या लहरी कोणाच्या बापाच्या नाहीत, हे अमेरिकेने १९२७ च्या रेडिओ कायद्यापासून मान्य केलं आहे. परवाना सार्वजनिक हितासाठी, मुदतीपुरता दिला जातो. तेव्हा स्थानिक मर्यादा आहेत तेवढ्या तरी राहू द्याव्यात, आणि एक जुना नियम परत आणावा असं मला वाटतं. १९८२ पर्यंत परवाना घेतल्यावर तीन वर्षं विकता येत नसे. तो उठला आणि स्टेशन हा फिरवून नफा काढायचा माल झाला. तीन वर्षं टिकायचंच आहे असं ठाऊक असलेला मालक कर्जही बेताने काढतो आणि शहराशीही बेताने वागतो. याने रॉक परत येईल असं मी म्हणत नाही. न येण्याचीच शक्यता जास्त. २०२३ मध्ये सिएटलच्या केईएक्सपी या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या स्टेशनने सॅन फ्रान्सिस्कोतली ९२.७ ही व्यावसायिक लहर दिवाळखोरीच्या लिलावात ३७ लाख ५० हजार डॉलरना उचलली आणि पुढच्या वर्षी तिथे स्थानिक बँड वाजवायला घेतले. किंमत एवढी खाली आली असेल तर देणगीवाल्यांप्रमाणे एखाद्या नव्या रीपेनलाही, क्लब चालवणाऱ्या, निव्वळ नफा शोधणाऱ्या माणसालाही, अशा लिलावात बोली लावता यायला हवी. मर्यादा उठल्या तर ती लहर त्याच्या आधी शेजारचा आठ स्टेशनांचा मालक नववी म्हणून उचलेल, आणि बहुतेक बंदच ठेवेल.